रिंगबाहेरची माईआत्या

माईआत्याचे दोन आवाज होते, एक कुत्र्यांसाठी आणि एक माणसांसाठी. सांगितल्यावर कुत्र्याने नुसतं बसून दाखवलं तरी "शाबास रे माझ्या सोन्या" म्हणत ती त्याच्या कानामागे खाजवायची. तो आवाज माणसांच्या वाट्याला कधी आला नाही. मी दहावीला शाळेत पहिली आले, तेव्हा पेढा तोंडात टाकत ती म्हणाली, "बरं झालं. रेवाला पाणी ठेवलंस का?"

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. रत्नागिरीतल्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, त्यामुळे समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची तिला सवय होती. आमच्या घरात डॉबरमन होते. आजोबांनी फार पूर्वी मुंबईहून एक जोडी आणली आणि मग ते वेड घरभर पसरलं. आई मोठ्या पातेल्यात भात आणि सुकट शिजवायची, बाबा रविवारी अंगणात बसून गोचिड काढायचे, आजोबा पिल्लांची नावं ठरवायचे. बाकी सगळं, म्हणजे कुठलं पिल्लू ठेवायचं, कुठलं द्यायचं, कुठल्या शोला न्यायचं, हे माईआत्या ठरवायची. फाटकाशी उभं राहून कोणी बिचकत विचारलं, "माई, चावतात काय गो?" की ती म्हणायची, "ते नाही चावत. मी चावते. या आत."

अठ्ठ्याण्णव साली रेवाला पिल्लं झाली. त्यात एकच तपकिरी होतं. आजोबांनी त्याचं नाव खजूर ठेवलं. तो चार-पाच महिन्यांचा झाल्यावर आत्याने एक दिवस त्याचा पट्टा माझ्या हातात दिला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. "हा तुझा," ती म्हणाली. "याला शोसाठी तयार करायचं. मी सांगेन तसं." मी आनंदाने वेडी झाले. त्या "मी सांगेन तसं"मध्ये काय काय आहे, ते मला पुढच्या आठवड्यापासून कळायला लागलं.

शाळेच्या आधी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. ओहोटीची ओली वाळू तिला लागायची. मी खजूरला घेऊन सरळ रेषेत पळायचं, परत यायचं, आणि मग तिने वाळूवरचे ठसे बघायचे. खजूरचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडला पाहिजे. नाही पडला तर "परत". पडला, पण माझी स्वतःची पावलं वाकडी गेली असली, तरी "परत". मग त्याला उभा करायचा, चारी पाय जागच्या जागी, पाठ ताठ, मान वर, आणि जज येऊन बघून जाईपर्यंत त्याने हलायचं नाही. जज म्हणजे अर्थात आत्याच. ती मुद्दाम लांबून हळूहळू यायची, चपला काढून झटकायची, समुद्राकडे बघत बसायची. खजूर कंटाळून हलला की पुन्हा पहिल्यापासून.

"तुझ्याकडे बघायला कोणी येत नाही," ती मला सांगायची. "कुत्रा दिसला पाहिजे. तू दिसता कामा नयेस." म्हणून बांगड्या नाहीत, पैंजण नाहीत. तपकिरी कुत्र्याशेजारी तपकिरी किंवा लाल फ्रॉक नाही, कारण त्यात त्याची कड हरवते. माझ्या मैत्रिणी तेव्हा नाच शिकत होत्या, त्यांचे फोटो निघत होते. मी मात्र न दिसण्याचं शिक्षण घेत होते. घरी येऊन रडले की आई म्हणायची, "अगो, तिला सांग जमत नाही म्हणून." पण जमत नव्हतं असंही नव्हतं. खजूर माझ्या नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर उभा राहायला लागला होता. हे तिला दिसत होतं आणि ती काही बोलत नव्हती. मला त्याचाच जास्त राग यायचा.

कोल्हापूरच्या शोला आम्ही जीपने गेलो. आंबा घाटात खजूर माझ्या मांडीवर ओकला. तिथे लहान मुलांची एक वेगळी स्पर्धा असायची. तीत कुत्रा कसा आहे हे बघत नाहीत, तो धरणारं मूल त्याला कसं चालवतं, कसं उभं करतं, तेवढंच बघतात. मला दुसरं बक्षीस मिळालं. कप घेऊन मी धावत आत्याकडे गेले. ती म्हणाली, "वळताना जज आणि कुत्र्याच्या मधे आलीस. पहिलं तिथे गेलं."

त्यानंतर मी हट्ट धरला, की खजूरला डॉबरमनच्या मुख्य स्पर्धेत उतरवायचं. तिथे कुत्र्याला कुत्रा म्हणून जोखतात. इतकी मेहनत घेतली होती, त्याच्यासारखा चालणारा दुसरा कुत्रा मी कोल्हापुरात पाहिला नव्हता. आत्या म्हणाली, "अजून नाही." का नाही, ते सांगेना. सहा महिन्यांनी विचारलं, तरी "अजून नाही". बाबांकडे गेले, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माई म्हणते तर काहीतरी असेल." आजोबा उठून बागेत गेले. शेवटी मी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी आत्या ताट घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ठीक आहे. पुण्याला उतरव. जेव आता."

पुण्याच्या मैदानावर खजूर असा चालला की कडेला उभी असलेली माणसं बोलायची थांबली. जज दक्षिणेकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, छाती बघितली, मग तोंड बघायला वाकले. मी शिकवल्याप्रमाणे पुढून त्याचे ओठ वर केले. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या अंगठ्याने बाजूचा गाल मागे ओढला. एक बाजू बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली बघितली. मग माझ्यासमोर उकिडवे बसून त्यांनी हळू आवाजात, हिंदीत सांगितलं, की याचे दाढांच्या पुढचे चार दात जन्मतःच नाहीत. अशा कुत्र्याला मी कुठलाच नंबर देऊ शकत नाही. तू त्याला फार छान आणलंस, पण आता बाहेर जा.

इतक्या दिवसांत मला हे कसं दिसलं नाही, असं कोणालाही वाटेल. आत्याने मला फक्त पुढचे दात दाखवायला शिकवलं होतं. "बाजूचे जज स्वतः बघतात, तू हात लावू नकोस," असं बजावलं होतं.

मी रिंगबाहेर आले. ती दोरीपाशी उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"दुधाचे दात पडून नवे आले तेव्हापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर त्याला एवढं शिकवलं असतंस?"

मी तिच्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. ते जीपकडे बघत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आजोबांना होतं, आईलाही असणार. सगळ्या घराला माहीत होतं आणि मी रोज सकाळी वाळूत पळत होते.

"मुख्य स्पर्धेत पुढे तू दुसरा कुत्रा घेऊन गेली असतीस," आत्या म्हणाली. "हा शिकायला होता. हट्ट तू केलास."

"तो शिकायला नव्हता. तो माझा होता."

परतीच्या वाटेवर मी मागे बसले. खजूर माझ्या पायांवर डोकं ठेवून घोरत होता. काय झालं ते फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसानंतर मी शोचा पट्टा हातात धरला नाही. वाटलं होतं, ती समजूत घालायला येईल. आली नाही. पुढच्या वर्षी तिच्याकडे काजळ नावाची काळीभोर मादी तयार झाली. दात, चाल, सगळं बिनचूक. आत्याचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, तिला रिंगमध्ये पळवेना. घरात मी होते. तिने फक्त "येतेस का?" एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी तिने पुण्याहून एक हँडलर, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांची कुत्री रिंगमध्ये फिरवणारा, बोलावला. तो आमच्या अंगणात काजळला हिसके देऊन उभी करायचा. मी खिडकीतून बघायचे, आत्या ओसरीवरून बघायची. काजळला त्याच्याबरोबर एकदाही पहिला नंबर मिळाला नाही. आई म्हणायची, "एकीला विचारवत नाही, दुसरीला सांगवत नाही. दोघी एकाच मातीच्या."

मी शिकायला मुंबईला गेले. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर सकाळी आई म्हणाली, "माईचा चष्मा राहिलाय, किनाऱ्यावर नेऊन दे जरा." ती कुत्र्यांना घेऊन रोज जाते हे ठाऊक होतं, पण इतकी वर्षं मी बघायला म्हणून कधी गेले नव्हते. सुरूच्या झाडांतून खाली उतरले आणि थांबले. आत्याने खजूरला वाळूत उभा केला होता. त्याचं तोंड पांढरं झालं होतं, एका बाजूने कंबर बसली होती, पण मान वर होती. ती लांबून हळूहळू त्याच्याकडे येत होती, त्याची छाती बघत होती, पाठीवरून हात फिरवत होती.

मी चष्मा दिला. "हे कशाला आता?" विचारलं.

"त्याला लागतं," ती म्हणाली. "तू सोडलंस तेव्हा रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचा. मग काय करायचं?"

माझ्याकडे न बघता तिने पट्टा पुढे केला. मी तो घेतला. खजूरला थोडं चालवलं, वळवलं, उभा केला. त्याच्या कापलेल्या शेपटीचं थोटूक हलत होतं. आत्याने चष्मा लावला, एक चक्कर मारून बघितलं आणि म्हणाली, "मागचा डावा पाय बाहेर गेलाय. नीट कर."

मी नीट केला. आतल्या आत इतकी चिडले होते, की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या पावसाळ्यात खजूर गेला. मला कळेपर्यंत त्याला बागेत पुरलंही होतं. वर्षभरात आजोबा गेले. मग आत्याने काजळला आणि तिच्या मुलीला दापोलीच्या एका ओळखीच्या कुटुंबाला देऊन टाकलं. मी फोनवर विचारलं, "मला का नाही विचारलंस? मी आले असते."

"तू कुठे होतीस?"

"तू बोलावलं का नाहीस पण?"

"मी कोणाला बोलावत नाही," ती म्हणाली आणि पलीकडून आईला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.

मी ठरवलं, की मे महिन्यात घरी गेले की समोर बसवून एकदा सगळं बोलायचं. पुण्याचं, खजूरचं, काजळचं. काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले. ती कुठे तोडेल, मग मी काय म्हणेन, तेही. पण मे यायच्या आधीच, फेब्रुवारीत, दुपारी जेवून ओसरीवर आडवी झालेली माईआत्या उठलीच नाही. मी पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. सगळे हळू आवाजात तिच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मला त्यांच्यात उभं राहवत नव्हतं. मला अजून तिच्याशी भांडायचं होतं.