कंबर वाढली की कापड परत

गिऱ्हाईक हाकलण्यात आमच्या नाक्यावरच्या शिंपीकाकांचा हात धरणारा अख्ख्या रत्नागिरीत कुणी नव्हता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सगळा गाव त्यांच्याकडेच कपडे शिवायचा आणि त्यांचीच बोलणीही खायचा. गळ्यात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल आणि नजर सदैव समोरच्याच्या पोटावर. छाती ते अंदाजानेच धरत. कंबर मात्र दोनदा मोजत आणि गेल्या वर्षीच्या मापाशी ताडून बघत. वाढलेली दिसली की कापड परत! एका नवऱ्यामुलाला त्यांनी लग्नाच्या आठ दिवस आधी असाच वाटेला लावला. त्याची आई भांडायला आली, तर काका तिच्याच कंबरेकडे निरखून बघायला लागले. ती आल्या पावली परत गेली.

माझी पाळी गणपतीच्या तोंडावर आली. मी पस्तिशीचा धडधाकट शाळामास्तर, जरा अंगाने भरलो होतो इतकंच. काकांनी पट्टी ओढली आणि भर दुकानात ओरडले, "तीन इंच! काय ओ मास्तर? आधी लघवी तपासून या, मग कात्री लावतो."

मला असा संताप आला! केवळ त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी लघवीची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि बघता बघता वरचा थर पेजेसारखा गढूळ झाला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. ब्लडप्रेशर चढलेलं, साखरही काठावर. डॉक्टर म्हणाले, "पोट, प्रेशर आणि साखर एकत्र आली की मूत्रपिंडं गुपचूप बिघडायला लागतात. दुखत काहीच नाही. लवकर कळलंय, अजून सावरता येईल." घरी दोन लहान मुली होत्या. मी खरंच घाबरलो.

मग गोळ्या, अळणी जेवण आणि रोज सकाळी भाट्याच्या समुद्रकाठी पुळणीवर तंगडतोड. काका दर महिन्याला कंबर मोजत आणि नुसती मान हलवत. पुढच्या गणपतीआधी डॉक्टरांनी पुन्हा नळी तापवली. लघवी नितळच राहिली! मी तसाच दुकानात धावलो. काकांनी पट्टी लावली. चार इंच कमी! त्यांनी मला कडकडून मिठी मारली आणि नाक्यावर उभं राहून "मास्तर जिंकले!" असा पुकारा केला. सगळ्यांना त्यांच्यातर्फे चहा मिळाला, बिनसाखरेचा.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "काका, हे वेड आलं कुठून?"

ते सुईत दोरा ओवत होते. "माझा थोरला भाऊस मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. दर वर्षी विजार सैल करून मागायचा. मी करून द्यायचो ओ, हसत हसत."

दोरा काही ओवला जाईना. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातातली सुई घेतली आणि ओवून दिली.