भाऊजींचा तिकोनी रस्ता

बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँ या मोटारशर्यतीच्या ट्रॅकबद्दल सगळं काही जाणणारा माणूस आदिलाबाद जिल्ह्यात एकच आहे, आणि आम्ही आमची ताई नेमकी त्यालाच दिली. भाऊजी महसूल खात्यातून रिटायर झाले. स्वतः गाडी इतकी सावकाश चालवतात की बैलगाडीवाला मागून हात दाखवून पुढं जातो. पण शंभर वर्षांपूर्वी तीन गावांना जोडणारे साधे रस्ते त्रिकोणात धरून शर्यत कशी सुरू झाली, हे ते डोळे मिटून सांगत बसतात; ऐकणाऱ्याची जेवणाची वेळ टळते, झोपही. आधी पार मागं फिरवणारं वळण, मग उतार, तळाशी तांबड्या पाण्याचा ओढा, आणि ओढा ओलांडला की गाडीचं तोंड थेट आभाळाकडं. माणसं फार मरू लागली तेव्हा ट्रॅक छाटून निम्म्यावर आणला, हे सांगताना त्यांचा आवाज असा उतरतो की ऐकणाऱ्यानं घरातलं कोण गेलं म्हणून विचारावं. एका दिवाळीला ताईच्या रांगोळीशेजारी त्यांनी हा अख्खा ट्रॅक काढला. शेजारच्या तेलुगू बाईंनी नागोबा समजून त्यावर हळदकुंकू वाहिलं. भाऊजींनी दुरुस्ती केली नाही. योग्य जागी वाहिलं, एवढंच म्हणाले.

मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, उटनूरच्या रस्त्यावर. उताराखाली नाला दिसताच त्यांच्या अंगात बेल्जियम संचारलं. "ओढा आला, आता अ‍ॅक्सिलेटरवरून पाय उचलू नका." मी आज्ञाधारक. पाय उचलला नाही, वळलोही नाही, आणि गाडी सरळ कपाशीत. शेताचा मालक शांतपणे आला. "काऊन भाऊ, रस्ता पुरला नाई का?" मी स्टिअरिंग धरूनच बसलो. भाऊजींनी मात्र काडी उचलून मातीत ट्रॅक काढायला घेतला. त्या भल्या माणसानं सगळा इतिहास ऐकला आणि मग बैल जुंपून गाडी ओढून दिली.

तर अशा माणसाला जर्मनीतल्या लेकीनं, पिंकीनं, तिकिटं पाठवली. तिच्या घरून ट्रॅक फार लांब नव्हता. ताईनं पापड बांधले. लेकीला पाहून तिला तीन वर्षं झाली होती. आणि भाऊजी अडून बसले. आधी कापूस वेचणी आडवी आली, मग गुडघे. ताईनं डोळे पुसून मला पाठवलं. माझ्या बोलण्यानं आजवर कोणाचं मन वळलेलं नाही, तरी मी छाती काढून गेलो.

"इथून पाहतो तवा लय मोठा दिसते तो," ते म्हणाले. "तिथं जाऊन लहान निघाला तं? मंग मी काय सांगू तुमाले, साळेबुवा?"

मी लगेच उत्तर दिलं. "मंग तुमी चूप बसा, आमी झोपतो."

ते हसले, आणि त्या हसण्यात ताईनं बॅग भरून घेतली.

परत आले तेव्हा मी पाठीशी उशी घेऊन, जांभयांची तयारी ठेवूनच बसलो. ट्रॅक कसा होता, विचारलं. त्यांनी चहावर फुंकर मारली.

"छाटून टाकलेल्या जुन्या रस्त्यानं पिंकीनं नेलं. पोरगी गाडी लय चांगली चालवते." मग बशीकडं बघत म्हणाले, "मी तं सारा वेळ तिच्याकडंच पाहून राह्यलो होतो."

मी वाट पाहिली. त्यांनी चहा संपवून बशी पालथी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडून उठून मी जेवायला वेळेवर घरी पोचलो, आणि जेवण काही गेलं नाही.