निळ्या मोटारीचा हॉर्न

मोटारीचा हॉर्न बंद पडला तर ड्रायव्हर हात बाहेर काढून दारावर थापा मारतो, चार शिव्या देतो आणि गाडी पुढे काढतो. मीही कितीदा तसंच केलंय. पण बहिणीच्या पाठवणीच्या दिवशी मी तसं करणार नव्हतो.

माझा बाप गावकीची कामं करायचा. साहेबाची मोटार शिवेत शिरली की तिच्यापुढे धावायचं, हे त्यातलंच एक. हातात काठी, तोंडात आरोळी आणि मागून धूळ. मोटारीला चांगला हॉर्न असायचा, तरी बाप धावायचा. हॉर्न वाजला म्हणून साहेबाचा मान थोडाच वाढतो? तो वाढतो पुढे माणूस पळाला की. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बापानं ते काम सोडलं. गावात बरीच कुरकुर झाली. कोणी बापाला तोंडावर बोललं नाही, पण विसरलंही नाही.

मी तेव्हा यवतमाळला एका गॅरेजात मेकॅनिक होतो. लग्नासाठी मालकानं तिथली एक जुनी काळी मोटार मला नेऊ दिली, वर रंगवलीस तर बरंच होईल म्हणाला. आमच्या वस्तीला एवढं पुरेसं होतं. माझा मावसभाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानं ब्रश उचलला आणि मोटार निळी केली. नुसती वरवर नाही. दिवे काढले, हॉर्न काढला, त्यांच्या खालचं लोखंडही निळं केलं आणि मग सगळं जागच्या जागी घट्ट बसवलं. काळा ठिपका म्हणून कुठे राहू द्यायचा नाही, असा त्याचा हट्ट.

लग्न आमच्या नव्या रीतीनं लागलं. ना भटजी, ना मुहूर्त. वंदना झाली, पांढऱ्या लुगड्यातली बहीण मोटारीत बसली. तिला केळापूरकडे जायचं होतं आणि रस्ता गावातून, चावडीसमोरून. कापसाचे दिवस, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. वस्तीच्या तोंडाशीच मी हॉर्न दाबला. काही नाही. परत दाबला. साधी टकटकसुद्धा नाही.

नेमके तेव्हाच पाटील आपल्या गाड्यांमागून चालत येत होते. थांबले, मोटारीकडे बघून हसले. त्या हसण्यात कपट होतं असं मी आजही म्हणणार नाही. सवय होती, आणि ती कपटापेक्षा वाईट.

"हॉर्न नाई वाजून राह्यला? कायले घाबरतं बे. तुहा बाप हाय ना. त्याच्याएवढा गळा कोन्या मोटारीले हाय? चालू दे त्याले पुढं."

ते निघून गेले. आणि मोटारीजवळ दगडावर टेकलेला बाप उठला. खरंच उठला. धोतर खोचलं, काठी घेतली, म्हणाला, "चाल बापू, पोरीले उशीर होते. मी देतो आवाज. आपल्याच पोरीची मोटार हाय, त्यात काय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बापावर आवाज मी त्याआधी कधी चढवला नव्हता. "बा, तू खाली बस. हॉर्न वाजल्याबिगर मोटार हालत नाई."

मागच्या सीटवरून बहीण बोलली, "बा पुढं चालन, तं मी मोटारीतून उतरतो. पायी जाईन केळापूरले."

बाप खाली बसला. काठी मात्र हातातच.

मी बॉनेट उघडलं. मला खात्री होती की गावातल्याच कोणीतरी रात्रीतून तार कापली. कोण कोण असेल त्यांची नावंही मनात येऊन गेली. तार बघितली, तर अख्खी. मग एक छोटा बल्ब घेतला, त्याची एक तार हॉर्नला करंटची तार जोडतात त्या स्क्रूला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मावसभावाला बटण दाबायला सांगितलं. बल्ब पेटला. म्हणजे करंट हॉर्नपर्यंत येत होता. मग हॉर्न गप्प का? तारेचा एक तुकडा हॉर्नच्या अंगाला टेकवला, दुसरं टोक इंजिनला. "दाब," म्हटलं. हॉर्न असा ओरडला की शेजारच्या गाडीचे बैल बुजले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. करंट यायला तार असते, परत जायला मोटारीचं लोखंड. हॉर्न ज्या पट्टीवर बसतो तिथून करंट परत जातो. आणि त्या पट्टीवर आमच्या मावसभावाचा जाड, चकचकीत, वाळलेला निळा रंग. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी गावाला शिव्या घालत होतो आणि चोर ब्रश घेऊन शेजारीच उभा.

चाकू काढला तसा त्यानं माझा हात धरला. "निळ्यावर चाकू नको लावू."

"काहून?"

"आपला रंग हाय तो."

"हाय ना. मंग त्याच्यापायी बा ले पयाले लावतं का?"

त्यानं हात सोडला. तारेचा तुकडा तसाच ठेवून निघता आलं असतं, पण धक्क्यानं सुटला असता, आणि सुटला असता तो चावडीसमोरच. मी हॉर्न खाली काढला. पट्टी खरवडून पांढरी केली, स्क्रूही घासला आणि घट्ट आवळला. बटण दाबलं. वाजला.

बापाला मी पुढच्या सीटवर बसवलं, माझ्या शेजारी. त्याला मागे, कोपऱ्यात बसायचं होतं. मी ऐकलं नाही.

चावडीसमोर गाड्या तुंबल्या होत्या. मी हॉर्न दिला. गाडीवाल्यांनी वळून बघितलं, मोटारीत कोण बसलंय ते बघितलं, आणि पुन्हा तोंड फिरवलं. बापाचा हात दाराच्या कडीकडे गेला. तो उतरणार होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा हातच गेला.

मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. आधी बैल सरकले, मग माणसं. चावडीवरचे उठून उभे राहिले. पाटीलही होते.

"बस कर लेका," बाप म्हणाला. "गाव बहिरं नाई."

"मले मालूम हाय," मी म्हणालो, आणि शेवटची गाडी बाजूला होईस्तोवर हात काढला नाही. बाप कडीवरचा हात मांडीवर घेऊन, समोर बघत, बसून होता.