हणमंताच्या खिळ्यावरची केबल

हणमंता गेल्याचं मला पाटणहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी कडेगावच्या स्टँडवर चहा पीत उभा होतो. "तुमचा त्यो गॅरेजवाला दोस्त... परवा गेला," एवढं बोलून तो गाडीत चढला. मी कप तसाच ठेवून घरी आलो आणि ओसरीवर बसून राहिलो. त्याला आता तीन आठवडे झाले. अजून रोज वाटतं, उठावं, पाटणला जावं, त्याच्या गॅरेजपुढच्या फळीवर बसावं आणि त्याने हातातलं काम न सोडता विचारावं, "काय गड्या, सकाळचा काटा उठतोय का?"

हा प्रश्न तो मला दर हिवाळ्यात विचारायचा. ज्या जीपवरून हा प्रश्न निघाला ती माझ्याकडून गेली, मी दुसऱ्या गाडीवर आलो, तरी विचारायचाच. मी म्हणायचो, "उठतोय की." तो क्षणभर माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

हणमंता मूळचा रहिमतपूरचा. फौजेत पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करून आला आणि सासुरवाडीला, पाटणला, गॅरेज टाकून बसला. फौजेतली एक सवय त्याने कधी सोडली नाही. काढलेला प्रत्येक निकामी भाग तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा आणि त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचा. गाडी कुणाची, बिघाड काय, कशामुळे झाला. "कारन कळल्याबिगर पार्ट बदलायचा म्हंजे नुसता नवस बोलायचा," असं त्याचं म्हणणं. चूक गिऱ्हाइकाची असली तर तोंडावर सांगायचा. समोर मामलेदार असो नाहीतर कारखान्याचा चेअरमन. या स्वभावापायी त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही.

दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात मी एका सरकारी जीपवर ड्रायव्हर होतो. साहेब सांगलीचे, मुक्काम पाटणला. सकाळी गाडी काढली की स्पीडचा काटा शून्यावर झोपलेला असायचा आणि ऊन चढलं की आपोआप चालू व्हायचा. साहेबांना वाटलं, मी मीटर बंद करून गाडी पहाटेच्या भाड्याला पळवतो. म्हणाले, "गॅरेजमध्ये दाखव. मीटरला कुणाचा हात लागलेला निघाला, तर तू कायमचा घरी बस." घरी दोन लहान लेकरं होती आणि ड्रायव्हिंगशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

हात माझाच लागला होता. मीटरची केबल सारखी किरकिरायची, साहेब वैतागायचे. म्हणून एक दिवस दुपारी मी केबलचं वरचं तोंड सोडवून पिशवीतलं खोबरेल तेल आत ओतलं, निम्मी बाटली. आमच्या घरात डोक्याला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, शिलाई मशीनला खोबरेल. केबलला का नको, असा माझा हिशेब. हणमंताला मात्र मी साफ सांगितलं, "मी हात लावलेला नाही."

"आज गाडी हितंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हिचं दुखनं सकाळचं हाय. सकाळीच बगायला पायजे."

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. त्याने मागची चाकं जॅकवर उचलली, मीटरमागून केबल सोडवली आणि मला गाडी गिअरमध्ये टाकायला लावली. केबलच्या टोकाशी आतली तार भराभर फिरत होती. म्हणजे चाकापासून इथपर्यंत सगळं ठीक. मग त्याने तारेचा तुकडा मीटरच्या भोकात घालून बोटांनी फिरवला. काटा जागचा हलला नाही. "दोष हितं हाय," असं म्हणून त्याने मीटर उघडला. तारेवरून वर चढलेलं तेल आत पांढरंफेक गोठून बसलं होतं, थंडीत बाटलीत बसतं तसं. त्याने ते बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्या तेल चोपडलेल्या डोक्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात साहेब आले. "काय निघालं? कुणी हात लावलाय?"

हणमंताने बोट फडक्याला पुसलं. "न्हाई साहेब. जुनं ग्रीस हाय, थंडीनं गोठलंय. मीटर धुतो, केबल बदलतो."

माझी नोकरी राहिली. आयुष्यात कुणाला खोटं कारण न सांगणाऱ्या माणसाने ते एकदाच सांगितलं, तेही माझ्यासाठी, आणि मी त्याला साधं खरं सांगितलं नव्हतं. नंतर सांगावंसं फार वाटलं. पण लाज अशी असते की आज नको, उद्या सांगू म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. तो विचारत राहिला, मी "उठतोय की" म्हणत राहिलो.

परवा पाटणला जाऊन आलो. वहिनींनी गॅरेज उघडून दिलं. "काय न्यायचं आसंल तर न्या भावजी. आठवन म्हनून." भिंतीवर खिळ्यांच्या रांगा तशाच होत्या. मी एकेक चिठ्ठी वाचत गेलो. पाण्याविना जळालेलं, वाळू गेलेलं, मालकाने हातोडीने ठोकलेलं... अगदी कोपऱ्यात माझी केबल सापडली. चिठ्ठीवर जीपचा नंबर, खाली माझं नाव. बिघाड : काटा सकाळी उठत नाही. कारण, असं लिहून पुढची जागा त्याने कोरी सोडली होती. खोटं त्याला लिहवलं नसणार. आणि खरं लिहायचं काम त्याने माझ्यावर सोडलं होतं. तो असता तर फक्त एवढंच सांगायला मी चालत पाटणला गेलो असतो.

"काय न्हेताय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. पेन्सिल आहे का?"

त्यांनी त्याचीच पेन्सिल दिली, फळकुटावर पडलेली. कोऱ्या जागेत मी लिहिलं, 'खोबरेल तेल. मी ओतलं.' आणि केबल पुन्हा त्याच खिळ्याला टांगली.