“सिगरेट ओढतोस का?”

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. ऑपरेशनआधी माणूस घाबरलेला असतो. तो एकतर खरं बोलतो, नाहीतर फार सफाईने खोटं. घाटकोपरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी दोन्ही भरपूर ऐकलंय.

*

हर्नियासाठी कॉलेजचा एक मुलगा आला होता.

“सिगरेट ओढतोस का?”

“कधीच नाही, मॅडम.”

पण त्याचा ऑक्सिजन ब्याण्णवच्या वर जाईना. तेवढ्यात सुर्वे सिस्टर त्याच्या उशाखालची वस्तू घेऊन आल्या. “मॅडम, याच्या पेनड्राइव्हला आंब्याचा वास येतोय.”

तो वेप होता, म्हणजे वाफेची ई-सिगरेट. “ही सिगरेट कुठेय? नुसता फ्लेवर आहे,” पोरगा म्हणाला. मी त्याला त्याचाच एक्स-रे दाखवला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. दोन महिन्यांनी आला तेव्हा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. ऑपरेशन अर्ध्या तासात झकास उरकलं.

*

मुलुंडची एक मुलगी, पित्ताशयात खडे. हळूच म्हणाली, “मी वेप करते. पण आईला सांगू नका ना.”

बाहेर आले तर आईने गाठलं. “डॉक्टर, ती सांगणार नाही, पण ती ते वाफेचं ओढते. घरात स्ट्रॉबेरी नसते, तरी खोलीत वास असतो. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नका.”

नशीब, तिची छाती साफ निघाली. दोघींची गुपितं अजून माझ्याकडेच आहेत.

*

वर्सोव्याच्या प्रणयचं ऑपरेशन मात्र पुढे ढकलता येत नव्हतं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात, आणि तीनच आठवड्यांपूर्वी वेपमुळे फुप्फुसं सुजून तो ॲडमिट होता. पूर्ण भूल देऊन घशात नळी घातली असती, तर ती परत काढता येईल याची खात्री नव्हती.

आमचा सर्जन निखिल म्हणाला, “तू सांगशील तसं.”

मी पाठीत इंजेक्शन दिलं. पोटापासून खाली बधिर, श्वास त्याचा त्याने घ्यायचा. उशाशी बसून म्हटलं, “बोलत राहा रे.”

तो बोलत राहिला. “बुडणारा माणूस हातपाय तरी मारतो, मॅडम. त्या दिवशी मी घरी पलंगावर होतो. हवा समोर होती, पण आत येत नव्हती. आई नुसती पंखा फास्ट करत होती.”

टाके घालताना निखिलचा हात क्षणभर थांबला.

तासाभराने प्रणय बाहेरच्या खाटेवर चहा मागायला लागला, तेव्हा कुठे माझे खांदे सैल झाले. निखिल कपडे बदलून आला. खिशातून एक निळा वेप काढून त्याने विचारलं, “सिस्टर, हा कुठल्या डब्यात टाकायचा?”

सुर्वे सिस्टरांनी हात पुढे केला.

“चार्जरपण द्या, सर.”