मराठीतून दिलेली हाक

तंजावूरजवळच्या पापनाशमच्या मैदानावर फुटबॉलचा सामना बरोबरीत होता आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. मी मधल्या फळीत होते, माझी अक्का पुढे. खेळताना आम्ही दोघी घरच्या मराठीत बोलायचो. बाकी साऱ्या तमिळ, त्यामुळे आमचा बेत कुणाला कळत नसे. समोरच्या बचावातल्या मुली पुढे सरकल्या, तशी मी ओरडले, "अक्का, पळ! लांब देते!" पण त्यांची एक उंच मुलगी अक्काच्या आधीच वळून धावली आणि तिनं चेंडू बाहेर मारला. परत येताना मला म्हणाली, "हळू सांग की. मीही तंजावूरची, मराठी घरातलीच."

पुन्हा चेंडू मिळाला तेव्हा आमच्या मुली "अडी, अडी!" म्हणजे मार, मार, असं ओरडत होत्या. मी तो पायाशीच धरून ठेवला. शेवटी ती उंच मुलगी हिसकायला माझ्या अंगावर आली आणि तिच्या मागची जागा मोकळी झाली. मी एक शब्दही न बोलता तिच्या डोक्यावरून चेंडू उचलला. अक्का आधीच पळत सुटली होती. तिनं चेंडू जाळ्यात मारला आणि मी तिच्याकडे धावत सुटले.