ब्रेनर 'येतो' म्हणाली

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत कुणाकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण असलं की सिंगापूर पाहून आलेलं एखादं जोडपं भेटतंच. भारतात जाताना वाटेत दोन दिवस थांबलेले असतात. मग फोन निघतात, फोटो निघतात. "काय क्लीन आहे रे! रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. जिथे बघावं तिथे झाडं. आपल्याकडे का जमत नाही, यार?" मग कुणाला तरी आठवतं की मी अमेरिकन नेव्हीत होतो. "तू पण गेला होतास ना?" मी हो म्हणतो. क्लीन आहे म्हणतो. आणि प्लेट उचलून बाहेर जातो.

मी दोनदा गेलो होतो. त्या दोन्ही वेळचं आज लिहितो.

माझं आडनाव कुलकर्णी. जहाजावर त्याचं 'कूल' झालं. जन्म नाशिकचा, वाढलो पिस्कॅटवेत. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून भरती झालो तेव्हा मराठी मंडळातल्या एका काकांनी विचारलं होतं, "का रे, मार्क कमी पडले?" बाबा सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. माझी नेमणूक एका डिस्ट्रॉयरवर झाली, डॅमेज कंट्रोलमध्ये. म्हणजे जहाजाला आग लागली तर विझवायची, पाणी शिरलं तर अडवायचं. एरवी दिवसभर पंप, पाण्याचे होज, मास्क तपासत बसायचं. कंटाळवाणं काम. ते कंटाळवाणं राहावं हीच आमची इच्छा असे.

पेटी ऑफिसर डाना ब्रेनर माझ्याच विभागात, माझ्या वरच्या हुद्द्यावर. ओहायोची. घरी गाई. उंची बेताची, आवाज मात्र इंजिनाच्या वर ऐकू जाणारा. होज धरायला मला तिनेच शिकवलं, तेही शिव्या घालत.

एका थँक्सगिव्हिंगला तिला घरी जाता येईना, म्हणून मी तिला पिस्कॅटवेला आणलं. आई शनिवारी मराठीची शाळा घेते. व्याकरण चुकलं की तिला जेवण जात नाही. आईने ब्रेनरचं नाव 'दाणा' करून टाकलं आणि तीन दिवस तिला भरपूर खाऊ घातलं. निघताना दारात मी म्हटलं, "आई, येतो." ब्रेनरने अर्थ विचारला. मी सांगितलं, आम्ही निघताना 'जातो' म्हणत नाही, परत येईन असं सांगतो. तिला ते फार आवडलं. वळून म्हणाली, "येतो!"

"अगं, येते म्हण," आई म्हणाली. "येतो मुलगे म्हणतात. कोल्हापूरची असतीस तर सोडून दिलं असतं."

मी भाषांतर केलं. ब्रेनर हसली, गाडीत बसली आणि खिडकीतून ओरडली, "येतो, आई!" आईने कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हापासून जेवून उठली की येतो, ड्यूटी संपली की येतो. अर्धं जहाज म्हणायला लागलं. मी दोन-चारदा सुधारून पाहिलं आणि नाद सोडला.

पुढच्या वर्षी जहाज सिंगापूरला लागलं. तीन दिवसांचा मुक्काम. एकट्याने किनाऱ्यावर जायचं नाही, असा नियम. दोघांनी जायचं, दोघांनीच परत यायचं. त्या जोडीदाराला लिबर्टी बडी म्हणतात. माझी बडी ब्रेनर. उतरायच्या आधी मी तिला सांगितलं की इथे च्युइंग गम चालत नाही. तिने तोंडातलं गम गिळून टाकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू कायदा मीच केला होता.

शहर खरंच देखणं. पुलांवरून वेली सोडलेल्या. झाडांच्या सावलीतून मैलभर चाललो तरी घाम येण्यापलीकडे काही त्रास नाही. सिग्नल हिरवा होईपर्यंत रिकाम्या रस्त्यावरही माणसं उभी. ब्रेनर म्हणाली, "कूल, इथे काही बिघडतच नसेल. आपल्याला इथे कोणी नोकरी देणार नाही."

शेवटच्या दुपारी लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवलो. वाढणारे म्हातारे तमिळ गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणत होते. उठताना ब्रेनरने सवयीने "येतो" म्हटलं. अंकलनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते खुलले. "आमच्याकडेही तसंच. पोयिट्टु वरेन. जाऊन येतो." मग तिला म्हणाले, "म्हणालीस ना? आता यायला पाहिजे."

"येणार," ती म्हणाली.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं होत असतानाच अलार्म झाला. मशिनरी रूममध्ये आग. तेलाची नळी फुटून तापलेल्या लोखंडावर तेल उडालं होतं. मास्क, सिलेंडर चढवून ब्रेनरची टीम खाली उतरली. मी वर, खाली उतरायच्या हॅचच्या तोंडाशी, हातात रेडिओ. खाली कोण गेलं, कोण वर आलं, ते सांगायचं माझं काम. शेजारी आमचा चीफ.

आग दबली. टीम वर आली. तेव्हा कळलं की आधीपासून खाली पंपावर ड्यूटीला असलेला ऑर्टिझ अजून तिथेच आहे.

"दोन जण," चीफ म्हणाला.

ब्रेनरने सिलेंडर बदलला. बरोबर टीममधला हेज. शिडीवर पाय ठेवताना तिने माझ्या खांद्यावर थाप मारली. मास्कमधून काही बोलली की नाही, मला ऐकू आलं नाही.

हेजने ऑर्टिझला शिडीपर्यंत ओढत आणलं आणि तेवढ्यात आग पुन्हा भडकली. ब्रेनर होज घेऊन ज्वाळा आणि शिडी यांच्या मधे उभी राहिली. आम्ही वरून ऑर्टिझला खेचलं. मागून हेज आला. चीफने हॅचच्या झाकणावर हात ठेवला. झाकण लावून आत गॅस सोडला की आग मरते. आतलं माणूसही मरतं.

"ब्रेनर, दोघे वर आले. होज टाक. वर ये."

खरखर झाली. मग तिचा आवाज. "येतो."

"काय म्हणाली?" चीफने विचारलं.

"शी'ज कमिंग, चीफ."

"मग थांबतो."

तो थांबला. हॅचमधून काळा धूर लोटत होता. झाकण इतकं तापलं की त्याचे हातमोजे धुमसायला लागले, तरी त्याने ते लावलं नाही. मी रेडिओवर तिचं नाव घेत राहिलो. उत्तर आलं नाही. दुसरी टीम होजसकट उतरली. आग मागे रेटून त्यांनी तिला वर आणलं. डॉक्टर आणि त्याच्या मदतनिसाने खूप प्रयत्न केले. ती गेली होती. ऑर्टिझ वाचला.

टीमने सांगितलं, शिडीपासून दोन हातांवर पडली होती. होज मागे टाकलेला होता. म्हणजे ती निघाली होती. चीफला मी चुकीचं सांगितलं नव्हतं. मला तेवढाच आधार आहे, आणि तो पुरत नाही.

जहाज वळवलं. तिला घेऊन आम्ही त्याच शहरात परत आलो. गाडी वेळेवर उभी होती. धक्क्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. कोणाचा आवाज चढला नाही, काही अडलं नाही. आम्ही सहा जणांनी तिला खांद्यावरून नेलं. आमच्या बुटांना काजळी होती. मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या फरशीवर आमची पावलं उमटलेली, आणि एक माणूस ती पुसत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मला त्याला धक्का मारून पाडावंसं वाटलं. हेजने माझा दंड धरून ठेवला.

ब्रेनरला ओहायोत पुरलं. आई-बाबा माझ्याबरोबर आले. गाडीत आईने मला बजावलं, "तिथून निघताना 'येतो' म्हणायचं नाही हं. अशा ठिकाणी म्हणत नाहीत. उठायचं आणि मुकाट निघायचं. तुझ्या तोंडात बसलंय, म्हणून सांगते."

मी 'येतो' म्हटलं नाही. सलाम केला, घडी केलेला झेंडा तिच्या आईच्या हातात जाताना पाहिला, आणि गाडीकडे वळलो. बाबा माझ्या बरोबरीने चालत होते. त्यांनी माझा हात धरला.

माझी आई मागेच राहिली होती. मी तिला आणायला परत गेलो. ती वाकून मातीवर हात ठेवून उभी होती. मला पाहून सरळ झाली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा खाली बघितलं.

"येतो गं दाणा," ती म्हणाली.

'येते' नाही. 'येतो'.